साठ वेळा तीच मूठ : पिस्तूल नेमबाजीतील पकड, साधन आणि चित्त



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या नावाने बोलण्याचा मान आपण मला दिला याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. स्मृतिव्याख्यान म्हटले की साहित्य, इतिहास किंवा अध्यात्म असा विषय श्रोत्यांच्या मनात असतो. पिस्तूल हा शब्द निमंत्रणपत्रिकेवर छापावा की नाही, याबद्दल संयोजकांत थोडी चर्चा झाली असे माझ्या कानी आले. ती व्हायलाच हवी होती. बऱ्हाणपूर जिल्ह्यात हा शब्द सहसा वर्तमानपत्राच्या गुन्हेवार्तांतच वाचावयास मिळतो. खकनार भागातील पाचोरी गावाचे नाव गावठी पिस्तुलांच्या संदर्भात सीमेपलीकडे महाराष्ट्रातही वारंवार घेतले जाते. शस्त्र घडविणे आणि त्याला चकाकी देणे हे सिकलीगर समाजाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब. ते कसब कोणत्या बाजारात जाऊन पोचले आणि का पोचले, याचा विचार अधिकारी व्यक्तींनी करावा. एका गावावरून साऱ्या समाजावर शिक्का मारण्याची घाई मात्र आपण करू नये. माझा विषय त्याच नावाच्या पण अगदी निराळ्या वस्तूचा आहे. ती वस्तू हातात घेणाऱ्याला दुसऱ्या कोणाला नव्हे, प्रथम स्वतःच्याच हाताला आवरावे लागते.

दहा मीटर एअर पिस्तूल या स्पर्धेपासून सुरुवात करू, कारण शाळकरी मुलाची सुरुवात तिथूनच होते. नेमबाज एका हाताने, कशाचाही टेकू न घेता पिस्तूल उचलतो. दुसरा हात बहुधा खिशात किंवा कमरपट्ट्यात अडकवलेला असतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये खिशात हात घालून उभ्या राहिलेल्या तुर्कस्तानच्या युसुफ डिकेच यांचे छायाचित्र जगभर गाजले आणि लोकांना तो त्यांचा बेफिकीरपणा वाटला. वास्तविक तो मोकळा हात शरीराचा तोल बिघडवू नये म्हणून केलेला बंदोबस्त असतो. पिस्तुलाचे वजन दीड किलोपेक्षा अधिक असता कामा नये. चाप किमान ५०० ग्रॅम भार पेलणारा हवा. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढे. पात्रता फेरीत पाऊण तास अधिक अर्धा तास, अशा ७५ मिनिटांत ६० नेम मारायचे. २०१८ पासून महिलांनाही ६० नेम असतात. पूर्वी ते ४० असत.

आता एक हिशेब आपल्यापुढे ठेवतो, कारण माझे पुढचे सर्व बोलणे त्याच्यावर उभे आहे. पिस्तुलाच्या नळीच्या टोकाशी एक लहानसा उभा ठोकळा असतो, त्याला माशी म्हणतात. मागील बाजूस एक चौकोनी खाच असते. माशी खाचेच्या बरोबर मध्ये दिसावी, तिच्या दोन्ही अंगांना प्रकाशाची सारखी फट असावी आणि दोहोंचे माथे एका रेषेत यावेत, असा नियम. खाच आणि माशी यांतील अंतर साधारण ३२ सेंटीमीटर धरा. समजा आपला सबंध हात थरथरून एक मिलिमीटर बाजूला सरकला, परंतु माशी खाचेच्या मध्येच राहिली. तर छर्राही लक्ष्यावर एकच मिलिमीटर सरकेल. दहा गुण कायम. कारण छर्ऱ्याची कड वर्तुळाला नुसती शिवली तरी तो गुण मिळतो, म्हणून मध्यबिंदूपासून आठ मिलिमीटरपर्यंत सूट असते. उलट, हात जागच्या जागी स्थिर राहिला, पण मनगट किंचित वळून माशी खाचेत एकच मिलिमीटर बाजूला गेली, तर दहा मीटरवर ती चूक ३१ मिलिमीटरांची होते. म्हणजे छर्रा काळ्या भागाच्या काठावर, सात गुणांवर! हाताच्या थरथरीला हा खेळ माफ करतो. मनगटाच्या वळणाला करीत नाही.

नवख्याची समजूत नेमकी याच्या उलट असते. त्याला वाटते, हात हलता कामा नये. मग तो मूठ आवळतो, श्वास कोंडतो, काळ्या वर्तुळाकडे डोळे फाडून पाहतो आणि ते मध्यभागी आल्याचा क्षण साधून चाप ओढतो. त्या ओढीने मनगट वळते. उजव्या हाताच्या नेमबाजाचे असे छर्रे बहुधा डावीकडे खाली जातात. मग तो म्हणतो, पिस्तुलात दोष आहे.

पकड म्हणजे ताकद, असे आपण व्यवहारात समजतो. पिस्तुलाच्या बाबतीत पकड म्हणजे पुनरावृत्ती. साठाव्या नेमाला मूठ जशी बसली, तशीच ती पहिल्या नेमाला बसली होती की नाही, एवढाच प्रश्न असतो. ती कशी बसवावी, हे थोडे तपशिलाने सांगतो. पिस्तूल मोकळ्या हातात धरावे आणि नेमाच्या हाताच्या अंगठा-तर्जनीमधल्या बेचक्यात ते खालून नव्हे, पुढून मागे असे खोचावे. बेचके मुठीच्या मागच्या वळणात जितके उंच बसेल तितके चांगले. पिस्तुलाची नळी आणि आपला कोपरापासूनचा हात, दोन्ही एकाच रेषेत यायला हवेत. दाब द्यायचा तो मुख्यत्वे मध्यमा आणि अनामिका या दोन बोटांनी, आणि तोही सरळ मागे, तळहाताकडे. करंगळी सोबतीला असते. अंगठा त्याच्या कट्ट्यावर नुसता विसावतो; अंगठ्याने दाबले की नळी बाजूला गेलीच म्हणून समजा. तर्जनीचा मुठीशी काही संबंध नाही. ती लाकडापासून सुटी राहावी आणि चापावर तिच्या पहिल्या पेऱ्याचा मांसल भाग टेकावा.

दाब किती? स्नेह्याशी मनापासून हस्तांदोलन करताना जेवढा देतो तेवढा, असे सांगण्याची पद्धत आहे. बऱ्हाणपुरात मला याहून चांगले उदाहरण सापडते. यंत्रमागावर तुटलेला धागा सांधणारी बोटे आपण पाहिली आहेत. बाकीचा हात घट्ट, स्थिर असतो आणि दोन बोटांची टोके मात्र स्वतंत्रपणे, हलकेच काम करतात. पिस्तुलाच्या मुठीत हीच फारकत साधायची असते : हात एका कामावर, तर्जनी दुसऱ्या. चाप दाबताना उरलेली बोटेही नकळत आवळली जातात, हा मानवी हाताचा स्वभाव आहे. तो मोडायला महिने लागतात. ज्या घरांत मागाचे काम आहे, तिथल्या मुलांना हे लवकर जमेल असा माझा अंदाज आहे. तो तपासून पाहण्याची संधी मला अजून मिळालेली नाही.

मूठ बरोबर बसली की नाही, याची परीक्षा सोपी आहे. लक्ष्याकडे तोंड करून उभे राहावे, डोळे मिटावेत, पिस्तूल उचलावे, दोन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. माशी खाचेच्या मध्यभागी दिसली तर ठीक. दहापैकी दहाही वेळा ती डावीकडेच दिसत असेल, तर मनगट वळवून ती मध्ये आणू नये. मूठ बदलावी. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ लाकडी, बहुधा अक्रोडाची असते आणि ती हाताप्रमाणे घासून घ्यायची असते. कानस आणि लाकडात भरायची लांबी ही नेमबाजाची नेहमीची हत्यारे. जिथे तळहात पोकळ राहतो तिथे लांबी भरायची, जिथे लाकूड टोचते तिथे कानस चालवायची, तळहाताखालचा आधार स्क्रूने वर-खाली करून पाहायचा. एका वेळी एकच बदल करावा आणि मग आठवडाभर हात लावू नये. माशी मध्ये येते, पण सबंध पिस्तूलच लक्ष्याच्या उजवीकडे रोखले जाते, असे दिसले तर तो दोष मुठीचा नसून पावलांचा आहे. अशा वेळी मागचे पाऊल किंचित सरकवावे. खांद्याने ओढू नये.

या पुनरावृत्तीची कसोटी सर्वांत कठोर होते ती पंचवीस मीटर रॅपिड फायर स्पर्धेत. एका ओळीत पाच लक्ष्ये आणि पाच गोळ्या. आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार. चार सेकंदांत पाच गोळ्या झाडताना मूठ सुधारायला सवड कुठली? प्रत्येक गोळीच्या धक्क्याने पिस्तूल उसळते. पकड बरोबर असेल तर ते आपोआप त्याच जागी परत येते, नसेल तर प्रत्येक गोळीगणिक अधिकाधिक चुकत जाते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विजय कुमार यांनी याच स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. पात्रतेत ५८५ गुण आणि अंतिम फेरीत ४० पैकी ३० लक्ष्यभेद. हे विजय कुमार मूळचे हिमाचलचे, परंतु घडले ते महूच्या लष्करी नेमबाजी केंद्रात. आपल्या दारावरून जाणाऱ्या इच्छापूर–इंदूर रस्त्याने गेले की महू फार दूर नाही.

पकड हा जन्मजात गुण नाही, याचा सर्वांत बोलका पुरावा हंगेरीचे कारोय टाकाच यांचा. ते सैनिक होते आणि उजव्या हाताचे उत्तम नेमबाज होते. १९३८ मध्ये त्यांच्या उजव्या हातात हातबाँब फुटला आणि तो हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने पहिल्यापासून शिकावयास आरंभ केला. १९४८ मध्ये लंडनला आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला रॅपिड फायर पिस्तुलाचे ऑलिंपिक सुवर्णपदक त्या डाव्या हाताने जिंकले. ही कथा जिद्दीचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. उजव्या हाताबरोबर त्यांची जुनी सवय गेली. पण चांगली पकड कशी असते हे ज्ञान गेले नव्हते. ते डोक्यात होते, म्हणून दुसऱ्या हाताला शिकवता आले.

साधनांविषयी मी थोडक्यात बोलेन, कारण पालकांचा पहिला प्रश्न तोच असतो आणि त्याला अवाजवी महत्त्व मिळते. स्वित्झर्लंडचे मोरिनी, ऑस्ट्रियाचे स्टायर, जर्मनीचे वाल्थर, इटलीचे पार्दिनी ही मोठ्या स्पर्धांत दिसणारी नावे. किंमत लाखाच्या वर. ही चारही पिस्तुले त्यांच्या मालकांपेक्षा अचूक असतात. शिकंजात बसवून झाडली तर छर्ऱ्यामागे छर्रा एकाच भोकातून जातो. तेव्हा पहिल्या वर्षी पिस्तूल विकत घेऊ नये, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. क्लबचे वापरावे. पैसे खर्चायचेच असतील तर सपाट तळाच्या बुटांवर आणि डोळ्यांच्या तपासणीवर खर्चावेत. नेम धरताना डोळ्याला माशी स्वच्छ दिसली पाहिजे, लक्ष्य धूसर दिसले तरी चालते. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो, आणि माशीची चूक किती महाग पडते हे आपण पाहिलेच. दूरचे पाहण्यासाठी केलेला चष्मा या कामी बहुधा उपयोगी पडत नाही. डॉक्टरांना माशीचे अंतर मोजून सांगावे लागते.

साधनाचा खरा प्रश्न विश्वासाचा आहे. २०२१ च्या जुलैमध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि उरलेले नेम त्यांना घाईने मारावे लागले. ५७५ गुण झाले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्यांनी याच प्रकारात कांस्यपदक मिळविले. तिथे अंतिम फेरीत रौप्यपदकाची संधी ०.१ गुणाने गेली. दोन गुण आणि दशांश गुण : या खेळातील अंतरे अशी आहेत. म्हणून चापाचे वजन स्पर्धेच्या सकाळी तपासणे, हवेच्या नळकांड्याची मुदत पाहणे, प्रत्येक स्क्रूवर खूण करून ठेवणे म्हणजे तो हलला की लगेच कळते, ही सारी कामे सरावाइतकीच निष्ठेने करावीत. आपल्याकडे दसऱ्याला शस्त्र पुसतो; नेमबाजाला रोज पुसावे लागते.

आता चित्ताविषयी. हा भाग सर्वांत अवघड, आणि त्याविषयी सर्वांत अधिक पोकळ बोलले जाते. ‘मन एकाग्र कर’ असे मुलाला सांगण्यात काही अर्थ नाही. एकाग्र कशावर करायचे, ते सांगितले पाहिजे. पदकावर, गुणांवर, शेजारच्या खेळाडूवर, की आईवडिलांच्या चेहऱ्यावर? पिस्तुलात उत्तर निश्चित आहे. माशीवर. नेम सुटेपर्यंत आणि सुटल्यानंतरही क्षणभर डोळा माशीवर राहावा. सुटताना ती कुठे होती हे ज्याने पाहिले, तो पडद्याकडे न पाहता सांगू शकतो की छर्रा कुठे लागला असेल. हा सराव मी प्रत्येकाकडून करवून घेतो : आधी तोंडाने सांगायचे, मग पडदा पाहायचा. अंदाज बरोबर येऊ लागला की समजावे, मन जागेवर आहे. मग त्या दिवशी गुण कितीही येवोत.

दुसरी शिकवण्याजोगी गोष्ट म्हणजे नेम सोडून देणे. पिस्तूल उचलून रोखल्यावर पहिल्या काही सेकंदांत हात सर्वांत स्थिर असतो. सात-आठ सेकंदांत नेम सुटला नाही तर श्वास कमी पडतो, डोळा थकतो आणि मन घाईला येते. अशा वेळी पिस्तूल खाली घ्यावे, श्वास घ्यावा, पुन्हा पहिल्यापासून. ऐकायला सोपे वाटते. परंतु शंभर माणसे पाहत असताना, वेळ जात असताना, उचललेले पिस्तूल न झाडता खाली घेणे याला मोठे बळ लागते. सरावाच्या वहीत मी मुलांना दोन रकाने आखायला सांगतो : किती नेम मारले आणि किती सोडले. दुसरा रकाना रिकामा असला तर मी पहिला वाचत नाही.

हृदयाची धडधड हा सर्वांच्याच चिंतेचा विषय. ती औषधाने कमी करण्याचा मोह होतो, आणि म्हणूनच तशा बीटा-ब्लॉकर औषधांवर या खेळात स्पर्धेच्या दिवशीच नव्हे, एरवीही बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाचे किम जोंग-सू यांची पिस्तुलातील दोन पदके याच कारणाने काढून घेण्यात आली. धडधड थांबत नाही, तिच्यासह नेम मारायला शिकावे लागते. सरावात दोन जिने धावत चढून येऊन लगेच पाच नेम मारावेत. ठोका ओळखीचा झाला की भीती कमी होते.

चित्ताची परीक्षा कशी असते, याचे आपल्या मराठी माणसांतले उदाहरण म्हणजे कोल्हापूरच्या राही सरनोबत. २०१३ मध्ये चँगवन येथे विश्वचषकात पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पुढे कोपराच्या दुखापतीने त्यांना दीर्घकाळ खेळापासून दूर राहावे लागले. पिस्तुलाच्या खेळाडूचे कोपर दुखावणे म्हणजे गवयाचा गळा बसण्यासारखेच. त्या परतल्या, जर्मनीच्या मुंखबायर दोर्जसुरेन यांच्या मार्गदर्शनाखाली तंत्र पुन्हा बांधले, आणि २२ ऑगस्ट २०१८ रोजी आशियाई स्पर्धेत पालेमबांगला पंचवीस मीटर पिस्तुलाच्या अंतिम फेरीत उभ्या राहिल्या. तिथे प्रत्येक गोळीला तीन सेकंद मिळतात, मध्ये सात सेकंदांची विश्रांती, आणि हात दर वेळी खालून वर आणायचा. थायलंडच्या नफस्वान यांगपाइबून आणि राही दोघींचे ३४-३४ लक्ष्यभेद झाले. बरोबरी सोडविण्यासाठी पाच जादा गोळ्या झाल्या. दोघींच्या चार-चार लागल्या. पुन्हा पाच. राहींच्या तीन लागल्या, प्रतिस्पर्धीच्या दोन. आशियाई स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणारी पहिली भारतीय महिला नेमबाज, असा इतिहास झाला.

मी विद्यार्थ्यांना यातले शेवटचे आकडे पुनःपुन्हा ऐकवतो. सुवर्णपदक पाचपैकी तीन लक्ष्यभेदांवर मिळाले. म्हणजे त्या निर्णायक पाच गोळ्यांत दोन चुकल्या होत्या, आणि चुकलेली गोळी व पुढची गोळी यांत सात सेकंदांचेच अंतर होते. त्या सात सेकंदांत चुकीचा विचार करावा की पुढच्या मुठीचा, एवढीच निवड असते. एकही नेम न चुकणारा खेळाडू मी पाहिलेला नाही. चुकल्यानंतर तीच मूठ पुन्हा बसविणारे काही पाहिले आहेत.

राहींचा आणखी एक संदर्भ या सभेपुढे ठेवणे आवश्यक वाटते. त्यांना बंदुकीची गोडी लागली ती शाळेत, एन.सी.सी.मध्ये. तेजस्विनी सावंत, ज्या २०१० मध्ये म्युनिकला रायफलमध्ये विश्वविजेत्या झाल्या, त्याही त्याच शाळेच्या. एका शाळेतून पुढे गेलेली एक मुलगी मागून येणाऱ्या मुलीला दिसली, एवढ्यावर केवढे घडले! आपल्या निमाडातही असे घडणे अशक्य नाही. खरगोन जिल्ह्यातील रतनपूरसारख्या गावातून ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर भोपाळच्या राज्य नेमबाजी अकादमीत गेले आणि रायफल घेऊन टोकियो व पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये उभे राहिले. भोपाळला जाण्यापूर्वीची पायरी मात्र गावातच असावी लागते.

ती पायरी उभी करायला किती लागते, हे सांगून मी थांबणार आहे. आज व्याख्यानापूर्वी मी हे सभागृह पावलांनी मोजले. व्यासपीठापासून मागच्या भिंतीपर्यंत ते दहा मीटरांहून बरेच अधिक आहे. मागच्या भिंतीशी छर्रे अडविणारी लोखंडी पेटी, तिच्या मागे जाड फळ्या, बाजूचे दार सरावाच्या वेळी आतून बंद, उजेड लक्ष्यावर पुरेसा, आणि एक शिक्षक सतत हजर. शक्तीच्या ठरावीक मर्यादेतील एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, पॉइंट टू-टूला लागतो. तरीही पोलीस ठाण्याला लेखी कळवून सारे उघडपणे करावे. या जिल्ह्यात तर अवश्य. पिस्तूल कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात आणि किल्ल्या दोन निरनिराळ्या व्यक्तींकडे. नळी कायम भिंतीकडे. हा नियम जो मुलगा थट्टेतही मोडील त्याला त्या दिवसापुरते नव्हे, त्या वर्षापुरते घरी पाठवावे.

पहिले तीन महिने छर्ऱ्याची गरजच नाही. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहून रिकाम्या पिस्तुलाने ड्राय फायरिंग करायचे. समोर लक्ष्य नसल्यामुळे डोळ्याला माशीखेरीज पाहायला काही उरत नाही आणि चाप दाबताना ती हलली की लगेच दिसते. रोज अर्धा तास, तीस-चाळीस नेम, प्रत्येक नेमाला मूठ सोडून पुन्हा बसवायची. खर्च शून्य, आवाज शून्य. एका पिस्तुलावर आळीपाळीने सहा मुले शिकू शकतात. माजी विद्यार्थ्यांनी मिळून ते एक पिस्तूल आणि ती पेटी शाळेला दिली, तर पहिल्या तीन महिन्यांसाठी दर पंधरवड्याला येऊन शिकविण्यास मी तयार आहे, प्रवासखर्चही नको. मुलांची नावे मुख्याध्यापकांनी निवडावीत. त्यांत निम्म्या मुली असाव्यात आणि खकनारकडची दोन मुले असावीत, एवढीच माझी विनंती.